फुकटचं ऊन

सेनापती बापट रस्त्याच्या सिग्नलला आमची रिक्षा थांबली होती. मार्च महिना, सकाळचे अकरा वाजून गेलेले. रिक्षाच्या टपाखालून उन्हाचा एक पट्टा आमच्या मांड्यांवर आला होता आणि ताईनं दोन्ही हात उपडे करून त्या पट्ट्यात ठेवले होते. शेजारी तीन स्कूटर उभ्या, तिन्हींवर कॉलेजच्या मुली. डोक्यापासून गळ्यापर्यंत गुंडाळलेला स्कार्फ, वर गॉगल, कोपरापर्यंत हातमोजे, अंगात तो ढगळ सनकोट. पुण्यात राहणाऱ्या माणसाला हे दिसायचंच बंद झालेलं असतं. ताई मात्र एकटक बघत होती. सिग्नल सुटता सुटता म्हणाली, "फुकटचं ऊन गं. फेकून देतायत पोरी." रिक्षावाला आरशातून आमच्याकडे बघून हसला. मी काहीच बोलले नाही. संध्याकाळी माझी लेक क्लासहून आली तीही तशीच, फक्त डोळे दिसणारी. दारात उभी राहून तो लांबलचक स्कार्फ सोडवायला लागली, तेव्हा ताई उठून आत निघून गेली. ते वाक्य मग कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून जाईना.

ताई माझी मावसबहीण. लग्नानंतर नवऱ्याच्या तेल कंपनीतल्या नोकरीपायी स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनला गेली आणि तिथलीच झाली. भाचीचा जन्म तिथला. दहावीपर्यंतचं मराठी वाचन आईनं मारूनमुटकून करून घेतलेलं, बोलताना 'र' तेवढा स्कॉटिश. सव्विसाव्या वर्षी एका सकाळी तिच्या उजव्या डोळ्याला धूसर दिसायला लागलं. डोळा फिरवला की दुखायचं, आणि लाल रंग विटल्यासारखा वाटायचा. डाव्या डोळ्यानं पाहिलं की टेबलावरचा मग लालभडक, उजव्यानं पाहिलं की विटकरी. काही आठवड्यांत डोळा सुधारला, पण तोवर एमआरआयमध्ये मेंदूत पांढरे ठिपके दिसले होते. मल्टिपल स्क्लेरोसिस. तिकडे काय, इकडे काय, सगळे 'एमएस'च म्हणतात. शरीराची संरक्षण यंत्रणा आपल्याच मज्जातंतूंवरच्या मायलिनच्या आवरणावर उठते, ते जागोजागी सोलवटतं, निरोप अडखळतात. कधी डोळा, कधी पाय, कधी नुसता थकवा, असा थकवा की केस विंचरायला हात वर होत नाही. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयातले डॉक्टर शार्को यांनी १८६८ मध्ये हा आजार नीट ओळखून मांडला. बायकांना तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट प्रमाणात होतो आणि बहुतेकींना ऐन विशी-तिशीत गाठतो. ताईला फोनवर रडताना मी पहिल्यांदा ऐकलं ते तेव्हा. नंतर ती रडली नाही. ती वाचायला लागली.

तिची एक वही आहे. निळ्या पुठ्ठ्याची, चौकटीची पानं असलेली. पहिल्याच पानावर अक्षांश लिहिलेत. पुणे १८.५, मुंबई १९, लंडन ५१.५, ॲबर्डीन ५७. त्यापुढे लाखामागे किती जणांना एमएस. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ॲबर्डीनचा आकडा होता २२९, शेटलंड बेटांचा २९५ आणि ऑर्कनी बेटांचा ४०२. जगात कुठेही नोंदलेल्या आकड्यांत ऑर्कनीचा सर्वांत मोठा. मंगळुरूच्या पाहणीतला आकडा आठाच्या आसपास. ही चार-पाच आकड्यांची उतरंड बघितली की कुणाच्याही मनात एकच येईल. ऊन.

मी तिच्याकडे डिसेंबरात राहून आले आहे, त्यामुळे मला ही शंका पटकन पटली. तिकडे तेव्हा सूर्य पावणेनऊला उगवतो आणि साडेतीनच्या आत मावळतो. मधल्या वेळातही तो डोक्यावर येतो म्हणावं तर नाही. भर दुपारी बाराला क्षितिजावरून जेमतेम नऊ-दहा अंश वर. युनियन स्ट्रीटवर आम्ही चालत होतो आणि माझी सावली माझ्या पुढे पार रस्त्याच्या कडेपर्यंत गेलेली. आपल्या उंचीच्या सहापट सावली, तीही दुपारी! सगळं शहर करड्या ग्रॅनाइटचं, समुद्रावरून धुकं आलं की भिंत कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नाही. ऊन पडलं तर ग्रॅनाइटमधला अभ्रक चमचमतो, लोक खरंच थांबून तोंड वर करतात. पण त्या तिरप्या उन्हात उजेड असतो, आपल्याला हवं ते नसतं. त्वचेत डी जीवनसत्त्व तयार व्हायला अतिनील किरणांतला 'यूव्ही-बी' नावाचा जो हिस्सा लागतो, तो इतकं तिरपं, लांबचं वातावरण ओलांडून यायच्या आत ओझोननं शोषलेला असतो. त्वचेतल्या एका कोलेस्टेरॉलसदृश पदार्थावर तो पडला की डी थ्री बनतं, पुढे यकृत आणि मूत्रपिंड त्याला कामाचं रूप देतात. सावळ्या कातडीला त्याच कामाला जास्त ऊन लागतं. म्हणूनच ब्रिटनमध्ये सगळ्यांना निदान हिवाळ्यात आणि सावळ्या-काळ्या लोकांना वर्षभर रोज १० मायक्रोग्रॅम डी घ्यायला सांगतात. ताईच्या किटलीशेजारी ती बाटली आहे. भाची लहान असताना नव्हती. तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं. २००९ च्या सुमारास ग्लासगोतल्या एका शाळकरी मुलानं, आईला एमएस झाल्यावर, मुलांना आणि गरोदर बायकांना डी द्या म्हणून स्कॉटिश पार्लमेंटकडे अर्ज नेला, तेव्हा कुठे घराघरात बोलणं सुरू झालं. तोवर भाचीचं बालपण संपलेलं.

वहीत पुढे टास्मानिया आहे, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेचं बेट. तिथलं होबार्ट दक्षिण गोलार्धात ४३ अंशांवर, आणि तिथे एमएस उत्तरेकडच्या, जास्त उन्हाच्या क्वीन्सलंडच्या कितीतरी पट. तिथल्या संशोधकांनी २००३ मध्ये छापलेला अभ्यास मला सगळ्यांत आवडतो, कारण त्यांनी लोकांच्या आठवणीवर सोडून दिलं नाही. लहानपणी किती उन्हात होतात असं विचारलं तर माणूस काय वाटेल ते सांगतो. त्यांनी प्रत्येकाच्या हाताच्या पाठीवर सिलिकॉन लावून त्वचेचा ठसा घेतला. उन्हानं रापलेल्या कातडीच्या रेषा बदलतात, तो सगळा जमाखर्च तिथे मांडलेला असतो. सहा ते पंधरा वर्षांच्या वयात, त्यातही हिवाळ्यात, जे जास्त उन्हात होते त्यांना एमएस कमी झालेला निघाला. ताईनं या ओळीखाली दोनदा रेघ मारली आहे. सहा ते पंधरा.

आणि त्याच्याखाली इंग्लंडमधला १९९० चा अभ्यास. भारतीय उपखंडातून आणि वेस्ट इंडिजमधून मोठेपणी आलेल्यांना एमएस फारच थोडा, पण त्यांची इंग्लंडात जन्मलेली मुलं मात्र बाकीच्या इंग्लंडकरांच्या जवळ जाऊन बसलेली. रक्त तेच, नाव तेच, देवघर तेच. एका पिढीत जोखीम बदलली. हे वाचताना माझ्याही पोटात खड्डा पडला, कारण हे कुणा गोऱ्या शेतकऱ्याबद्दल नव्हतं. हे आमच्याबद्दल होतं.

पण वहीतलं मला खुपलेलं पान वेगळंच आहे. २००५ मध्ये कॅनडा, ब्रिटन, डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या बेचाळीस हजारांवर एमएस रुग्णांचे जन्ममहिने तपासले गेले. मे महिन्यात जन्मलेले अपेक्षेपेक्षा साधारण नऊ टक्क्यांनी जास्त, नोव्हेंबरात जन्मलेले तितकेच कमी. मेचं बाळ म्हणजे आईच्या पोटात अख्खा हिवाळा काढलेलं. भाचीचा वाढदिवस मे महिन्यातला. ताईनं तो महिना गोल केलाय, इतक्या वेळा की कागद फाटायला आलाय. त्या हिवाळ्यात ती घराबाहेर फारशी पडलीच नव्हती म्हणे. परकं गाव, निसरडे रस्ते, उलट्या. खिडकीशी बसून स्वेटर विणला. "आणि काचेतून तर काही येतही नाही गं," ती मला म्हणाली. हे बरोबर आहे, काच यूव्ही-बी अडवते. पण मला तिच्या त्या बरोबर असण्याचाच राग आला. नऊ टक्के म्हणजे काय, मी तिला विचारलं. जिथे शंभर असायचे तिथे एकशे नऊ. मे महिन्यात जन्मलेल्या लाखो पोरांपैकी जवळपास सगळी एमएसचं नावही न ऐकता म्हातारी होतात. शिवाय मुळातच कुठल्या महिन्यात किती मुलं जन्मतात हे देशागणिक, अक्षांशागणिक बदलतं, ते नीट वजा केलं नाही तर असा फरक नसताना दिसू शकतो, असा आक्षेपही पुढे घेतला गेला. तिनं ऐकून घेतलं आणि वही मिटली. तिला ते नको होतं. नशिबानं मारलं असं मानण्यापेक्षा आपल्या हातून झालं असं मानणं आईला सोपं जातं की काय कोण जाणे. निदान त्यात आपला हात तरी असतो.

मला वाटतं तिनं वहीत जे लिहून घेतलं नाही, ते जास्त बोलकं आहे.

ऑर्कनीचंच घ्या. जगात सर्वांत जास्त एमएस असलेल्या त्या बेटांवरच्या लोकांच्या रक्तात डी मोजलं, तर ते स्कॉटलंडच्या मुख्य भूमीपेक्षा किंचित जास्तच निघालं. वयस्कर शेतकऱ्यांमध्ये तर चांगलंच. दिवसभर बाहेर असतात ते. मग जनुकं तपासली, धोक्याची म्हणून ओळखली जाणारी काही तिथे थोडी जास्त सापडली, पण त्यानंही वाढीव आकड्याचा लहानसाच भाग उलगडला. उरलेल्याचं उत्तर अजून कुणाच्या हातात नाही. अमेरिकन सैनिकांचा २००६ मधला गाजलेला अभ्यास ताईच्या वहीत आहे. सत्तर लाखांवर सैनिकांचे साठवून ठेवलेले रक्ताचे नमुने, त्यातून पुढे एमएस झालेल्यांचे शोधून काढलेले, आणि आजार होण्याआधीचं डी मोजलेलं. डी जितकं जास्त तितका धोका कमी. पण हे दिसलं गोऱ्या सैनिकांत. काळ्या आणि हिस्पॅनिक सैनिकांत हा संबंध दिसला नाही. ही ओळ वहीत नाही. पुढे दक्षिण कॅलिफोर्नियातही तसंच काहीसं निघालं. आयुष्यभरात मिळालेलं ऊन सगळ्या वर्णांच्या लोकांत उपयोगी दिसलं, रक्तातलं डी मात्र फक्त गोऱ्यांत. म्हणजे उन्हाचं काम सगळं डीच्या हातून होत नसावं. विस्कॉन्सिनमध्ये उंदरांवर २०१० साली हेच दिसलं होतं. अतिनील किरणांनी त्यांचा एमएससारखा आजार दबला, आणि त्यांच्या रक्तातलं डी त्या मानानं फारसं वाढलेलंच नव्हतं.

आणि आपण? आमच्या सोसायटीत बायका भेटल्या की साडीच्या आधी डीचा आकडा निघतो, आणि तो कमीच असतो. "माझं नऊ आलं." "माझं अकरा." दर रविवारी दुधातून साठ हजारचं साशे घेणं हे उपवासासारखं अंगवळणी पडलंय. या आकड्यांवर जायचं तर पुण्यात गल्लोगल्ली एमएस दिसायला हवा होता. तसा तो नाही. निदान वाढलंय, न्यूरॉलॉजिस्ट आणि एमआरआय जिथे पोचले तिथे तो सापडायला लागलाय, २०१६ च्या दिव्यांग कायद्याच्या यादीतही त्याचं नाव आलं. पण ॲबर्डीनच्या पासंगालाही आपण पुरत नाही. म्हणून डी निर्दोष आहे असंही नाही. ज्यांच्या जनुकांमुळे जन्मापासूनच डी कमी राहतं, अशा लोकांत एमएसचा धोका जास्त असतो हे २०१५ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी दाखवलं. जनुकं तर कुणी आजारी पडल्यावर बदलत नाहीत, म्हणून मला हा पुरावा वजनदार वाटतो. पण आजार झाल्यावर डी देऊन काय होतं, याची उत्तरं एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. अमेरिकेतल्या २०२३ च्या चाचणीत मोठ्या डोसनं रिलॅप्स, म्हणजे आजाराचे नवे झटके, कमी झाले नाहीत, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत पहिल्या झटक्यानंतर डी देऊन एमएस टळला नाही, आणि २०२५ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत दर पंधरा दिवसांनी एक लाख युनिट दिल्यावर, अगदी सुरुवातीच्या रुग्णांत, आजाराची हालचाल ७४ टक्क्यांऐवजी ६० टक्के जणांत दिसली. भाचीच्या डॉक्टरांनी तिला गोळी चालू ठेवायला सांगितली आहे आणि मूळ औषध सोडायचं नाही हेही बजावलंय. मला हे शहाणपणाचं वाटतं.

मग तो विषाणू. एपस्टीन-बार. हार्वर्डच्या गटानं २०२२ मध्ये एक कोटीवर अमेरिकन सैनिकांच्या नोंदी चाळल्या. या विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका बत्तीस पटींनी वाढलेला निघाला. दुसऱ्या कुठल्या विषाणूनं असं केलं नाही. आपल्याकडे तो बहुतेकांना रांगत्या वयातच होऊन जातो, एखादा ताप येतो-जातो, कुणाच्या लक्षातही राहत नाही. तिकडे पुष्कळांना तो पंधरा-वीसच्या वयात गाठतो, गळ्यात गाठी, महिनाभर अंथरूण, आणि असा उशिरा, दणकून झालेला जास्त घातक. भाचीला सतरा वर्षांची असताना झाला होता. लाळेतून पसरतो, तिकडे त्याला 'किसिंग डिसीज' म्हणतात. ताईनं तेव्हा पुण्याला कळवताना 'टॉन्सिल्स' सांगितलं होतं! हे मला भाचीनं परवा हसत हसत सांगितलं.

जनुकांबद्दल बोलायचं तर मला आमच्या कॅम्पातल्या बाई आठवतात. मी शाळेत असताना त्यांच्याकडे इंग्रजीच्या शिकवणीला जायचे. पारशी, एकट्या राहणाऱ्या, उंच छताचं घर, लाकडी जिना, आत शिरलं की चंदनाच्या धुराचा आणि जुन्या कागदांचा वास. बाई टेबलाचा कोपरा, मग खुर्चीची पाठ, मग कपाटाची कडी असं धरत धरत चालायच्या. खडू हातातून पडायचा आणि त्यांना कळायचंही नाही, हात फळ्यावर तसाच फिरत राहायचा. आम्ही पोरं ते बघून एकमेकींना कोपर मारायचो, आणि मग कुणीतरी गुपचूप खडू उचलून द्यायचं. सकाळी त्या व्हरांड्यात आरामखुर्चीत बसलेल्या असत, अंगावर ऊन घेऊन. म्हणजे उन्हाला त्या मुकल्या नव्हत्या. एप्रिल-मेमध्ये शिकवणी बंद. "गरमीमां पग चालता नथी," म्हणायच्या. आम्हाला तो सुट्टीचा बहाणा वाटायचा. त्यांना एमएस होता हे पुष्कळ नंतर कळलं. न्यूरॉलॉजिस्ट नोशीर वाडियांनी मुंबई-पुण्यातल्या पारशांची पाहणी करून १९९० मध्ये दाखवून दिलं, की या समाजात एमएस लाखामागे २६ आहे, भोवतालच्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त. हजारावर वर्षं गुजरात-मुंबईच्या उन्हात राहिलेली माणसं. तीच हवा, तेच ऊन, तोच पाऊस. फरक रक्तात, आपसातल्या लग्नांनी जपलेल्या रक्तात.

आता अशी जनुकांतली दोनशे तेहतीस ठिकाणं सापडली आहेत, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. एकच जरा दांडगं आहे, एचएलए-डीआरबी१ या जनुकाचा १५:०१ हा प्रकार, तो असला की धोका साधारण तिप्पट. ऑक्सफर्डच्या लोकांना २००९ मध्ये या जनुकाच्या अगदी दाराशी डी जीवनसत्त्व येऊन चिकटण्याची जागा सापडली होती, म्हणजे ऊन आणि रक्त यांची गाठ पडण्याची एक जागा निदान कागदावर तरी आहे. २०२४ मध्ये जुन्या हाडांतल्या डीएनएवरून असं दिसलं, की धोका वाढवणारे हे प्रकार पाच हजार वर्षांपूर्वी काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ मैदानांतल्या गुराख्यांबरोबर उत्तर युरोपात पोचले. गुराढोरांच्या संगतीत जे रोग येतात त्यांच्याशी झुंजायला बहुधा ते उपयोगी पडत असावेत. कामाला आले म्हणून टिकले. त्या मैदानांतल्या माणसांचा अंश आपल्यातही आलाय, कमीअधिक. म्हणजे भाचीच्या आजाराचं मूळ शोधत गेलं तर ॲबर्डीनच्या आधी कुठल्यातरी धनगरवाड्यावर पोचायला होतं. आणि तरीही एकसारखं रक्त असलेल्या जुळ्यांत एकाला एमएस झाला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता पंचवीस-तीस टक्केच. उरलेले सत्तर जण तेच रक्त घेऊन धडधाकट.

मला हे आमच्याकडच्या पत्रिका जुळवण्यासारखं वाटतं. एक गुण जुळून लग्न होत नाही. जनुक हवं, विषाणू हवा, तोही अमुक वयात, ऊन कमी हवं, सिगारेट आणि पोरवयातला लठ्ठपणा असला तर आणखी भर, आणि मग इतकं सगळं जुळूनही कित्येकदा काहीच होत नाही. हे ताईला सांगितलं तर म्हणाली, "आमची पत्रिका न बघताच ठरलं होतं." यावर काय बोलणार.

एप्रिलमध्ये भाची स्वतः आली. ताईचा बेत ठरलेला होता. पोरीला रोज गच्चीवर न्यायचं, अंगाला तेल लावून बसवायचं, महिनाभरात सगळा अनुशेष भरून काढायचा. पहिल्याच दिवशी अकराला दोघी वर गेल्या आणि अर्ध्या तासात भाची कठड्याला धरून खाली आली. डावा पाय ओढत. उजव्या डोळ्यासमोर पुन्हा ते धुकं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला, मला तर वाटलं नवा झटका आला. भाची शांत. म्हणाली, "मावशी, फ्रीजमध्ये काय गार असेल ते दे." ओला पंचा मानेवर, पाय बादलीत, हातात कोकम सरबताचा पेला. बर्फ दातांनी फोडत बसली. तासाभरात पाय उचलायला लागली, डोळाही निवळला. मायलिन उतरलेल्या तंतूतून निरोप आधीच कसाबसा जात असतो, अंग अर्ध्या-एक अंशानं तापलं तरी तो अडतो, आणि गार झालं की पुन्हा सुरू होतो. नवी इजा होत नाही. विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्ये हे टिपलं, रुग्णांना श्रम झाले की नजर धूसर होते असं त्याच्या ध्यानात आलं होतं. पुढे किती तरी वर्षं एमएस ओळखायला माणसाला कढत पाण्याच्या टबात बसवायची पद्धत होती. मला एकदम कॅम्पातल्या बाईंचे पाय आठवले. ऊन ज्या वयात मिळायला हवं होतं तेव्हा नव्हतं, आणि आता आहे तर ते सोसत नाही. ताईनं त्यानंतर गच्चीचं नाव काढलं नाही. भाची सकाळी सातला कोवळ्या उन्हात हनुमान टेकडीवर जाऊन यायची, मजेत.

आता गंमत अशी, की ज्या कोवळ्या उन्हाची आपण पिढ्यान्‌पिढ्या महती गातो, त्यात डी बनवण्यापुरतं यूव्ही-बी जवळजवळ नसतंच. साधा हिशोब आहे, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाच काही पदरात पडतं. म्हणजे पुण्यात साधारण दहा-साडेदहा ते तीन. मेच्या मध्यावर तर इथे सावली पायाखालीच नाहीशी होते. बाळाला न्हाऊमाखू घालून ज्या उन्हात ठेवतात ते उबेला चांगलं, झोपेला चांगलं, डीला फारसं नाही. डी कुणाला मिळायचं तर माझ्या आजीला. कुरडयांची राखण करत ती भर दुपारी गच्चीत बसायची, डोक्यावर पदर, हातात कावळे हाकलायची काठी, दंड उघडे, रापून तांब्याच्या रंगाचे झालेले. आणि तीच आम्हाला ओरडायची, "आत व्हा, काळ्या पडाल." मुलग्यांना कधी ओरडली नाही. भाऊ दिवसभर मैदानात, आम्ही माजघरात पत्ते खेळत. हे ओरडणं अजून थांबलेलं नाही, फक्त आता ते क्रीमच्या जाहिरातीतून येतं. एमएस बायकांना जास्त का, याची कारणं मोठी आहेत, हार्मोन्स आहेत, ते काही आमच्या आजीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. पण हाडं दुखणाऱ्या, डी नऊ आलेल्या माझ्या वयाच्या बायकांच्या रांगेत उभी राहिले की मला तिची ती हाक ऐकू येते.

लेकीला मी ताईचं वाक्य सांगितलं. ती म्हणाली, "मावशीला म्हणावं, स्कार्फ उन्हासाठी नाही, धुरासाठी आहे. आणि सिग्नलला टपून बघणाऱ्यांसाठी." मला दोन्ही पटलं. मी तिला स्कार्फ काढ म्हटलं नाही. कॉलेजात मधल्या सुट्टीत कँटीनऐवजी पायरीवर बसून डबा खात जा, एवढं म्हटलं, आणि ती कधीमधी बसतेही.

दिवाळीच्या आधी ताईचा फोन आला, चकल्यांचं पार्सल पोचल्याचा. बोलता बोलता आवाज खाली आणून म्हणाली, पोरीला दिवस गेलेत. डॉक्टरांशी बोलून, औषधाचं वेळापत्रक लावून मगच त्यांनी ठरवलं होतं. पहिल्या तपासणीत दोघं नवरा-बायको सगळं विचारून आले. आई किंवा बाबा यांच्यापैकी एकाला एमएस असेल तर मुलाला होण्याची शक्यता शंभरात दीड-दोन. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, झटके कमी होतात, बाळंतपणानंतर काही महिने सांभाळायचं. डीची गोळी रोज. सगळं आनंदाचं, आणि तरी ताईचा स्वर असा का, म्हणून मी विचारलं, तारीख कधीची दिलीय? थोडा वेळ काही नाही. मग म्हणाली, "मे."

तिनं ते लेकीलाही बोलून दाखवलं होतं म्हणे, वही घेऊन, त्या गोल केलेल्या पानासकट. भाचीनं ते पान नीट वाचलं आणि म्हणाली, "मग काय, नोव्हेंबरपर्यंत आतच ठेवू का त्याला?" ताई हे मला तक्रार म्हणून सांगत होती. मी इकडे पोट धरून हसत होते, आणि ती "हसू नकोस गं, हसू नकोस," म्हणता म्हणता स्वतःच हसायला लागली. नंतर विचारलंन, बाळंतविड्याला काय काय पाठवशील. मी म्हटलं, डिंक, अळीव, खारीक. ती म्हणाली, "आणि झबली पाठव. बिनबाह्यांची."